नागभीड जंक्शनाची तिसरी वाट



सन २०२१ च्या हिवाळ्यात आम्ही ब्रह्मपुरीकडील एका खेड्यातील मंडळीच्या भेटीस गेलो होतो. संध्याकाळची उपासना आटोपून अंगणात शेकोटीभोवती बसलो असता शाळेत जाणारा एक मुलगा पुस्तक घेऊन आमच्याजवळ आला व म्हणाला, "पाळकसाहेब, जेथे तीन किंवा अधिक दिशांचे रूळ मिळतात त्या स्टेशनास जंक्शन म्हणावे असे गुरुजींनी सांगितले. पण आपल्या नागभीडला गाडी गोंदियाकडून येते आणि चांद्याकडे जाते. मग तिसरी दिशा कोठे आहे?" आम्ही उत्तर देणार इतक्यात शेकोटीपलीकडे बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "तिसरी दिशा उखडून नेली ना, बाबू!"

सगळे हसले, पण मुलाचे समाधान झाले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. ज्या स्टेशनावरून आपण शेकडो वेळा गेलो आलो, ते तेथे का झाले, कोणाकरिता झाले, आणि त्याचे काय होत गेले, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून या वेळच्या अभ्यासाकरिता आम्ही हा विषय घेतला आहे. उपदेशक बंधूंनी हा पाठ वाचण्यापूर्वी जमिनीवर काडीने एक नकाशा काढून घ्यावा, म्हणजे ऐकणारांस पुढील मजकूर सहज समजेल.

प्रथम वैनगंगा नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहती काढा. तिच्या पश्चिमेस वरून खाली ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व मूल अशी गावे मांडा. पूर्वेस वडसा, आरमोरी व गडचिरोली. हीच आपली झाडीपट्टी. धान, तलाव व जंगल या तिहींवर येथील मनुष्याचा निर्वाह. आता या चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात नागपूर, वरच्या उजव्या कोपऱ्यात गोंदिया, आणि खाली चांदा अशी तीन शहरे ठेवा. चांद्यास १९६४ पासून सरकारी कागदांत चंद्रपूर म्हणतात, परंतु आमच्या तोंडी जुने नावच बसले आहे, ते वाचकांनी चालवून घ्यावे. या तीन शहरांपासून सरळ रेघा ओढल्या तर त्या जेथे एकमेकींस भेटतात, तेथून नागभीड फार दूर नाही. हा पाठ पुष्कळसा या एका गोष्टीतच आहे.

आता रेल्वे या मुलखाभोवती कशी आली ते पाहू. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिनसुला कंपनीची आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. तेथून पूर्वेस छत्तीसगडाकडे सरकारने एक मीटर रुंदीची लाइन घातली व ती १८८२ पर्यंत राजनांदगावास नेली. छत्तीसगडचा तांदूळ व गहू त्यापूर्वी बैलांच्या पाठीवर व बंड्यांतून नागपुरास येत असे. पुढे १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन आपल्याकडे घेऊन रुंद केली, आणि १८९१ साली ती आसनसोलपर्यंत भिडवून कलकत्त्याच्या वाटेस जोडली. गोंदिया या मार्गावर असल्यामुळे एका बाजूस मुंबई व दुसऱ्या बाजूस कलकत्ता यांच्याशी त्याचा संबंध जुळला. इकडे पश्चिमेस वरोऱ्याच्या दगडी कोळशाकरिता वर्ध्याहून एक फाटा १८७० नंतरच्या दशकात आला होता. अशा रीतीने एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी आगगाडी आपल्या मुलखाच्या उत्तरेस व पश्चिमेस धावू लागली होती. मधली झाडीपट्टी मात्र, खळ्याच्या मध्यभागी मेढ उभी राहावी व बैल भोवती फिरावेत, तशी कोरडीच राहिली.

त्यानंतर दुष्काळ आले. १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दोन, आणि मध्ये सावरण्यास वेळ अगदी थोडा. आपल्या मंडळ्यांतील काही घराण्यांच्या आठवणी या दुष्काळांच्या पलीकडे जातच नाहीत. आजोबांचे आजोबा कोण हे विचारले तर 'दुष्काळात आले' एवढेच उत्तर मिळते. या संकटाचा रेल्वेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा. दुष्काळ पडतो तेव्हा सगळ्या देशात एकाच वेळी धान्य संपते असे नसते. एका जिल्ह्यात कोठारे असतात आणि ऐंशी कोसांवर मनुष्ये मरत असतात. मधले अंतर बंडीने तोडावयाचे, तर बंडी बैल ओढतो. आणि दुष्काळात मनुष्याच्या आधी बैल मरतो, कारण वाटेवर चारा नाही व पाणी नाही. शिवाय लांबच्या वाटेवर बैल जेवढे खातो त्याचाही खर्च धान्यावर चढतो. म्हणूनच १८८० च्या दुष्काळ कमिशनाने सरकारास सांगितले होते की, ज्या मुलखात पाऊस दगा देतो तेथे रूळ टाकावेत, मग त्यांत नफा होवो वा न होवो.

परंतु केवळ दयेपोटी कोणी कंपनी रूळ टाकीत नाही, हेही आपण सरळपणे बोलून टाकावे. आपल्या जंगलात साग, बिजा, ऐन व बांबू होता; वैनगंगेच्या काठी धान होते; आणि रेल्वेलाच रुळांखाली घालण्याकरिता लाकडाच्या ओंडक्यांची गरज होती. जी वाट भुकेल्याकडे दाणा आणू शकते, तीच वाट सुकाळात त्याच्या खळ्यावरचा दाणा व त्याच्या रानातील लाकूड बाहेर नेते. ज्या गावी पूर्वी धानाचा भाव गावच्या पंचांना ठाऊक असे, त्या गावी स्टेशन झाल्यावर भाव नागपूरच्या बाजारावरून ठरू लागतो. ज्याच्याजवळ विकावयास धान आहे त्याचे यात बरे होते. ज्यास मजुरी करून धान विकत घ्यावयाचे असते, त्याचे नेहमीच बरे होते असे नाही. रेल्वे आली म्हणजे गरिबी गेली असे जे काही पुस्तकांत लिहिलेले असते, ते आम्हांस फार सोपे केलेले वाटते.

असो. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत बंगाल नागपूर कंपनीने या मुलखात अरुंद रुळांचे जाळे घातले. गोंदियाच्या उत्तरेस सातपुड्यातून नैनपूर व जबलपूर येथे जाणारी लाइन आधी झाली. मग गोंदियाहून दक्षिणेस सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी अशी एक लाइन आली. तिने वडसा व ब्रह्मपुरी यांच्यामध्ये वैनगंगा ओलांडली. नागपुराहून कुही, उमरेड, भिवापूर अशी दुसरी आली. या दोन्ही नागभीडला मिळाल्या, आणि तेथून सिंदेवाही, राजोली, मूल व केळझर या वाटेने तिसरी चांद्यास गेली. हीच मुलाने विचारलेली तीन तोंडे. नागभीड हे त्या आधी मोठे शहर नव्हते, राजधानी नव्हते, तीर्थही नव्हते. रूळ तेथे मिळाले म्हणून ते जगाच्या वेळापत्रकात छापले गेले.

अरुंद रूळ म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे, कारण पुढील सर्व इतिहास त्या एका मापावर फिरतो. दोन रुळांमधील आतले अंतर हे ते माप होय. मोठ्या लाइनीचे अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. आपल्या छोट्या लाइनीचे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. उपदेशकांनी काडीने दोन्ही मापे जमिनीवर काढून दाखवावीत. छोट्या लाइनीच्या रुळांमध्ये एक मनुष्य पाय फाकून उभा राहिला तर त्याची दोन्ही पावले दोन्ही रुळांस लागतात.

इतकी लहान लाइन का केली? तर पैशाकरिता. रुळांची रुंदी कमी केली म्हणजे डबे लहान होतात, डबे लहान झाले म्हणजे त्यांचे ओझे कमी होते, ओझे कमी झाले म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव अरुंद चालतो. त्याहून मोठी गोष्ट वळणाची. अरुंद लाइन टेकडीस आखूड वळसा घालून जाऊ शकते; रुंद लाइनीस तेच करावयाचे तर टेकडी फोडावी लागते. ज्या मुलखात माणसे थोडी व माल हंगामी, तेथे मोठा खर्च निघणार नाही असा कंपनीचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. मात्र त्याच हिशेबात पुढच्या अडचणीचे बीज होते. छोट्या लाइनीचा डबा मोठ्या लाइनीवर चालत नाही. सिंदेवाहीस भरलेले धान कलकत्त्यास पाठवावयाचे तर गोंदियास ते सगळे हमालांनी पाठीवर घेऊन लहान डब्यातून मोठ्या डब्यात भरावयाचे. प्रत्येक पोते दोनदा उचलावे लागे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, दाणे सांडत, आणि मजुरी वाढे. हमालास काम मिळे हे खरे, पण त्याची मजुरी शेवटी धान पिकविणाराच्या भावातून कापली जाई.

चांद्यास तर याहून नवल होते. तेथे जुन्या गोंड राजांच्या कोटाच्या एका अंगास ग्रेट इंडियन पेनिनसुला कंपनीचे चांदा स्टेशन, आणि दुसऱ्या अंगास बंगाल नागपूर कंपनीचे चांदा फोर्ट. दोन कंपन्या, दोन रुंदी, दोन स्टेशने, आणि मध्ये सगळे शहर. नागभीडहून येणारा उतारू चांदा फोर्टास उतरे, आणि त्यास पुढे बल्लारपुरास जावयाचे असले तर बोचके डोक्यावर घेऊन शहरातून पलीकडच्या स्टेशनास जाई. बल्लारपूर म्हणजेच रेल्वेच्या पाटीवरील बल्हारशाह. एकाच गावाची ही दोन नावे पाहून परमुलखातील उतारू आजही गोंधळतो, तसाच तो वडसा व देसाईगंज यांच्या बाबतीत गोंधळतो. या बल्हारशाहाचे दैव १९२९ साली उघडले. निजामाच्या मुलखातील काझीपेठेपासून आलेली लाइन त्या वर्षी तेथे जोडली गेली व दिल्ली ते मद्रास अशी सरळ वाट झाली. कोळसा, साग व ही सरळ वाट या तिहींमुळे बल्लारपूर वाढून शहर झाले. नागभीड जंक्शन त्याहून जुने असूनही गावच राहिले. दोन्ही ठिकाणी रूळच मिळाले. भेद इतकाच की, एका ठिकाणी दोन राज्यांचे मोठे मार्ग भेटले, आणि दुसऱ्या ठिकाणी खेड्यांच्या तीन वाटा.

आता त्या खेड्यांच्या वाटांवर गाडी कशी चाले ते सांगतो, कारण हे आम्ही स्वतः पाहिले आहे. लाइन एकेरी होती, म्हणजे जाण्यास व येण्यास एकच रूळ. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एक युक्ती असते. दोन स्टेशनांमधील प्रत्येक तुकड्याकरिता एक खूण असते, तिला टोकन म्हणतात. ते टोकन हातात असल्यावाचून ड्रायव्हराने त्या तुकड्यात शिरावयाचे नाही. आणि एका वेळी एकच टोकन बाहेर निघते. म्हणून एक गाडी पुढे गेली म्हणजे दुसरी मागच्या स्टेशनात थांबून राहते. जंक्शनात हे काम तिप्पट. सांधेवाला रुळांचे सांधे बदलतो, स्टेशनमास्तर तिन्ही बाजूंच्या स्टेशनांशी तारेने बोलतो, आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, एकीचे उतारू दुसरीस मिळावेत म्हणून गाड्या एकमेकींची वाट पाहत उभ्या राहतात. आम्ही लहानपणी जंक्शन या शब्दाचा अर्थच 'जेथे गाडी आपल्याकरिता थांबते ते ठिकाण' असा समजत होतो.

आमच्या वयाच्या दहाव्या वर्षाची गोष्ट. आमचे वडील त्या वेळी सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात उपदेशकाचे काम करीत. श्रावणाचे दिवस होते. आमच्या धाकट्या बहिणीस ताप येऊन आठ दिवस झाले होते. गावच्या औषधाने तो उतरेना, आणि शेवटी ती माणसे ओळखीनाशी झाली. पुलावरून पाणी वाहत असल्यामुळे मोटारीची सडक बंद होती. वडिलांनी तिला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतले, आईने आमचा हात धरला, आणि आम्ही स्टेशन गाठले. गाडी आली ती दीड तास उशिरा. नागभीडहून नागपुरास जाणारी गाडी तोपर्यंत निघून गेली असणार, आणि दुसरी तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आई डब्याच्या कोपऱ्यात बसून काही बोलत नव्हती. तिचे ओठ मात्र हलत होते. नागभीड आले. पावसात दिवे धूसर दिसत होते. पलीकडच्या फलाटास गाडी उभी होती! गार्डाने आमच्या वडिलांच्या खांद्यावरचे बोचके पाहिले, कंदील वर धरून त्याने त्यातील चेहरा पाहिला, आणि इतकेच विचारले, "आणखी कोणी आहे काय मागे?" मागून एक म्हातारी काठी टेकीत येत होती. ती चढेपर्यंत त्याने शिट्टी वाजविली नाही. पहाटे आम्ही इतवारीस उतरलो. बहीण वाचली, तिची मुले आता कॉलेजात जातात. त्या गार्डाचे नाव आम्हांस कधीच कळले नाही.

हा प्रसंग आम्ही सांगितला तो छोट्या गाडीची स्तुती गाण्याकरिता नव्हे. नागपूर ते नागभीड हे सुमारे ११० किलोमीटर अंतर तोडावयास तिला चार-पाच तास लागत. बैलबंडी व छोटी गाडी यांची शर्यत लावण्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि चढावर उतरून लघवीस जाऊन पुन्हा चालत्या डब्यात चढणारे मनुष्य आम्हीही पाहिले आहेत. ज्याच्याजवळ मोटारीचे भाडे होते तो मोटारीने जाई. गाडीत उरत ते विद्यार्थी, भिवापूरच्या मिरच्यांची पोती घेतलेल्या बाया, मजुरीस निघालेली कुटुंबे, दवाखान्यास निघालेले रोगी. ती थांबत असे याचे एक कारण हेही होते की, तिच्यात बसणारांस दुसरी वाट नव्हती.

मालकी मात्र अनेकदा बदलली. १९४४ च्या ऑक्टोबरात सरकारने बंगाल नागपूर रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. १९५२ साली ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ साली दक्षिण पूर्व रेल्वे निराळी निघाली तीत, आणि २००३ साली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली तीत. पाट्या बदलल्या, गणवेशावरील अक्षरे बदलली. रूळ अडीच फुटांचेच राहिले. कंपनीच्या काळी जे दुसऱ्या दर्जाचे ठरले होते, ते स्वराज्यातही चाळीस वर्षांहून अधिक काळ तसेच चालले. यात आमच्या मते दोष कोणा एकाचा नव्हता. ज्या मुलखातून ओरड कमी येते तेथे पैसा उशिरा जातो.

शेवटी १९९० नंतरच्या दशकात गोंदिया ते चांदा फोर्ट ही सुमारे २४० किलोमीटरांची लाइन रुंद करण्यात आली, आणि पुढे बल्हारशाहास जोडण्यात आली. हा बदल किती मोठा होता हे नकाशावरच पाहावे. बिलासपूर किंवा त्यापलीकडून सिकंदराबाद व दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीस पूर्वी नागपुरास वळसा घालावा लागे. आता तीच गाडी गोंदियाहून वडसा, नागभीड व चांदा फोर्ट या वाटेने थेट बल्हारशाहास जाऊ लागली. ज्या फलाटावर मिरचीची पोती पडत, तेथून कोळशाच्या लांबलचक मालगाड्या व दूरदेशीच्या एक्सप्रेस धडधडत जाऊ लागल्या. पोते एकदाच उचलावे लागू लागले. पुढे विजेच्या ताराही आल्या. चांद्याच्या उतारूस बोचके घेऊन शहर ओलांडण्याचे कारण उरले नाही.

परंतु नागपूरचा फाटा अरुंदच राहिला. त्यामुळे नागभीडची स्थिती उलट झाली. सुमारे ऐंशी वर्षे तेथे तिन्ही वाटा एकाच मापाच्या होत्या. डबा कोणत्याही दिशेस जाऊ शके. आता एकाच स्टेशनात दोन मापे आली. एका फलाटास साडेपाच फुटांची लाइन, दुसऱ्यास अडीच फुटांची. आणि जी अडचण पूर्वी गोंदियास होती ती नागभीडला आली. आम्ही तरुणपणी उपदेशक म्हणून प्रवास करू लागलो तो याच काळात. रुंद गाडीतून उतरून अरुंद गाडीत चढताना, थोरल्या भावाच्या वाड्यातून निघून धाकट्याच्या झोपडीत शिरावे, तसे वाटे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूर-नागभीड छोटी गाडी बंद झाली. शेवटच्या गाडीस निरोप देण्याकरिता स्टेशनोस्टेशनी लोक आले होते. नंतर ती लाइन रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याकरिता जुने रूळ उखडावे लागतात, हे उघडच आहे. शेकोटीजवळचे आजोबा बोलले ते याविषयी. त्या दिवसानंतर पाटीवर जंक्शन हा शब्द राहिला, पण वर्षानुवर्षे तिसऱ्या वाटेने गाडी आली नाही. रुंद लाइनीचा लाभ पुढील पिढीस होईल, याविषयी आम्हांस शंका नाही. पण जी दोन-चार वर्षे कागदावर सहज लिहिली जातात, त्या वर्षांत उमरेड-भिवापूरकडील गरिबास नागपुरास जाण्याकरिता मोटारीचे भाडे काढावे लागते, हे योजना करणारांनी हिशेबात धरावयास पाहिजे होते असे आम्हांस वाटते. ज्यांस जुने एंजिन पाहावयाचे असेल त्यांनी नागपुरास मोतीबाग येथे २००२ साली उघडलेले छोट्या लाइनीचे संग्रहालय मुलांना घेऊन जाऊन पाहावे.

रुंदीबरोबर वेग येतो, आणि वेगाचे मोल आपल्या रानातील मुक्या जिवांनीही दिले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात बल्हारशाह-गोंदिया गाडीखाली वाघिणीचे तीन बछडे मेले. ताडोबा, घोडाझरी व उमरेड-कऱ्हांडला यांच्यामधील रान म्हणजे वाघांची जाण्यायेण्याची वाट, आणि आपले रूळ त्या वाटेस आडवे पडतात. म्हणून नागपूर फाटा रुंद करताना जनावरांकरिता खालून वाटा ठेवाव्यात, असा आग्रह जंगलाची काळजी वाहणाऱ्या लोकांनी धरला. खेड्यातील काही बंधूंस हा आग्रह म्हणजे गाडी अडविण्याचा डाव वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. टोकनावाचून गाडी तुकड्यात शिरू नये हा नियम आपण माणसांकरिता केला. वाघिणीस टोकन देणारा कोणी नाही, तेव्हा वाट तरी तिला द्यावी.

आता नदीच्या पूर्वेस पाहा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यापासून निराळा झाला. केवढा विस्तीर्ण मुलूख! पण रेल्वे त्यास उत्तरेच्या टोकास वडशापाशीच काय ती शिवली. त्या एका स्टेशनाने वडशाचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे: धानाच्या गिरण्या आल्या, व्यापार आला, आणि झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे बिऱ्हाडही तेथेच पडले. दिवाळीनंतर गावोगावचे लोक मंडई-शंकरपटाच्या दिवसांत नाटक ठरविण्यासाठी वडशास येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. उलट धानोरा, एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचा येथील रोग्यास रूळ दिसण्यापूर्वीच दिवस संपतो. वडसा ते गडचिरोली अशी सुमारे ५२ किलोमीटरांची नवी लाइन मंजूर होऊन तिचे काम हाती घेण्यात आले. ती पुरी झाली म्हणजे वडसाही जंक्शन होईल, आणि नागभीडच्या गोष्टीतील सर्व प्रश्न नदीपलीकडे नव्याने उभे राहतील: डब्यात काय भरून बाहेर जाणार, काय भरून आत येणार, गाडी लहान स्टेशनात थांबणार की नुसती शिट्टी देऊन जाणार. त्या जिल्ह्यातील लोखंडाच्या खाणींविषयी हल्ली जे ऐकू येते, त्यावरून पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वाचकांच्या ध्यानात येईलच.

अभ्यासाच्या वर्गाकरिता काही प्रश्न सुचवितो. तुमच्या गावी साठीच्या पुढचे जे कोणी असतील त्यांस विचारा की, छोट्या गाडीने ते पहिल्यांदा कोठे व कशाकरिता गेले. दुष्काळात बंडीने धान्य का पोहोचेना, हे मुलांकडून त्यांच्या शब्दांत सांगवून घ्या. अडीच फूट व साडेपाच फूट यांतील भेद काडीने काढून दाखवून, पोते दोनदा उचलण्याचा खर्च शेवटी कोणावर पडतो, हे त्यांस शोधू द्या. तुमच्या जवळच्या स्टेशनात कोणत्या गाड्या थांबतात व कोणत्या थांबत नाहीत, याची यादी मोठ्या मुलांनी करावी. ब्रह्मपुरीकडील त्या मुलाने अशी यादी करून आमच्याकडे पाठविली आहे. तीत थांबणाऱ्या गाड्या त्याने निळ्या शाईने लिहिल्या आहेत व न थांबणाऱ्या तांबड्या शाईने, आणि तांबडी शाई मध्येच संपल्यामुळे शेवटच्या चार नावांकरिता पेन्सिल वापरली आहे.